५ एचपी कॉम्प्रेसर: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? (सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी)

मशीन: दोन स्टेजचा पिस्टन कॉम्प्रेसर, ५ एचपी थ्री फेज मोटर, २५० लिटरची आडवी टाकी. बाबांनी २००९ च्या दसऱ्याला घेतलेला. जागा: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. काम: चारचाकीचं डेंटिंग-पेंटिंग. हवेवर चालतात दोन सँडर, एक स्प्रे गन आणि एक धूळ मारायची गन.

रोज रात्री वहीत लिहीत गेलो, तेच इथे उतरवतोय. ज्यांना घाई आहे त्यांनी २८ सप्टेंबरची नोंद आधी वाचावी. ती तपासणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

११ सप्टेंबर

गणपतीमुळे गाड्या भरपूर. एका सिल्व्हर गाडीच्या बॉनेटवर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारला आणि मिनिटाभरात रंगाला डोळे पडले. मोहरीएवढे गोल खड्डे, कडा उचललेल्या, मध्ये खालचा रंग उघडा. पेंटरने गनची पाइप काढून पांढऱ्या कागदावर नुसती हवा मारली. कागदावर पिवळट तेलाचे ठिपके उठले. पाणी पकडणाऱ्या ट्रॅपच्या काचेत ताकासारखं पांढरट काहीतरी साठलं होतं.

बॉनेट आणि दोन्ही फेंडर घासून पुन्हा रंगवावे लागले. माल आणि मजुरी धरून ४,२०० रुपये अंगावर आले.

तेलाची तक्रार आज दिसली, पण हवा कमी पडतेय हे दोन महिने कळत होतं. मोटर दिवसभर थांबतच नव्हती. प्रेशरचा काटा ८ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर चढत नव्हता. गर्दीत कोण लक्ष देतंय म्हणून आम्ही तसंच रेटलं.

१२ सप्टेंबर

कॉम्प्रेसरच्या मागच्या भिंतीवर बाबांनी मशीन आणलं त्या दिवशी ऑइल पेंटने लिहून ठेवलंय: "० ते ७ : ४ मि. १० से. २८/९/०९". पंधरा वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते कशासाठी लिहिलंय हे मी आज पहिल्यांदा विचारलं.

बाबा म्हणाले, "अरे, मशीन नवीन असताना किती वेळात भरतंय ते लिहून ठेवायचं. म्हातारं झालं की तेच सांगतं."

टाकीतलं पाणी काढलं, पुढचा मेन व्हॉल्व्ह बंद केला, टाकी पूर्ण रिकामी केली आणि मोबाइलवर वेळ लावली. ० ते ७ किलोला ९ मिनिटं ४० सेकंद लागले.

हिशेब सोपा आहे. २५० लिटरची टाकी ७ किलोपर्यंत भरायची म्हणजे बाहेरची साधारण १,७५० लिटर हवा आत कोंबायची. तिला लागलेल्या मिनिटांनी भागायचं. २००९ साली मिनिटाला ४२० लिटर हवा यायची, आज येतेय १८१. म्हणजे निम्मीसुद्धा नाही. (मिनिटाला २८.३ लिटर म्हणजे १ सीएफएम, मिनिटाला एक घनफूट. तेव्हा १५ सीएफएमच्या जरा खाली होतं, आता साडेसहाच्या खाली आहे.)

मोटरला क्लॅम्प मीटर लावला. तिन्ही फेज ६.८ ते ७ अँपिअर, आवाज साफ. मोटरचं दुखणं नाही.

१३ ते १६ सप्टेंबर: पहिली चूक

मिस्त्रीला बोलावलं. त्याने ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं, आतून भकाभक हवा आली. "मालक, रिंगा गेल्या. रिंगा टाकू या, नव्यासारखा होईल." तेल हवेत जातंय, वेळ लागतोय, तोंडातून हवा येतेय, सगळं पिस्टनच्या रिंगांकडेच बोट दाखवत होतं. मीही हो म्हणालो.

दोन्ही सिलिंडरच्या रिंगा २,६०० रुपये, गॅस्केट ९००, मजुरी १,५००. एकूण ५,०००. मशीन तीन दिवस बंद.

१६ तारखेला पुन्हा वेळ लावली: ८ मिनिटं ५० सेकंद. मिनिटाला १९८ लिटर. पाच हजारांत १७ लिटर मिळाले! तेल तर होतं तेवढंच येत होतं.

चूक काय झाली ते स्पष्ट लिहितो. जुना सिलिंडर किती झिजलाय हे न मोजता आम्ही नव्या रिंगा टाकल्या. नवी रिंग सिलिंडरमध्ये नुसती सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायला दोन मिनिटं लागतात. मिस्त्रीने ती मोजली नाही, आणि मोज असं मी म्हणालो नाही.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. मिरवणुकीमुळे आज अर्धी माणसं दुपारी उगवली. तेवढ्या शांततेत गळती तपासून घेतली.

टाकी ७ किलोला भरून मोटर बंद केली. मेन व्हॉल्व्ह बंद ठेवला तर दहा मिनिटांत काटा ६.८ वर आला, तोही ड्रेन कॉकमुळे. मग मेन उघडला, पण एकही टूल चालवलं नाही. पाच मिनिटांत ७ चे ६ झाले. २५० लिटर हवा पाच मिनिटांत, म्हणजे मिनिटाला ५० लिटर फुकट जात होती. १९८ लिटर देणाऱ्या मशीनचे ५० लिटर पाइपातूनच जात असतील तर पेंटरच्या हाती काय येणार?

साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन पाइपलाइनभर फिरलो. तीन क्विक कपलर, एक हातभर चिरलेली पाइप आणि सँडरच्या बुडाचा एक जोड. ६४० रुपयांत सगळं झालं. पुन्हा तपासलं, ७ चे ६ व्हायला २५ मिनिटं लागली. मिनिटाला १० लिटर. एवढं चालेल.

हे ६४० रुपये पाच हजारांच्या आधी खर्च करायला हवे होते.

२० सप्टेंबर

हेड पुन्हा खोलायचं ठरवलं. या वेळी दुसऱ्या माणसाला बोलावलं. हे उद्यमनगरातले जुने टर्नर, इंजिनाच्या कामात हयात घालवलेले. त्यांना मी काका म्हणतो. त्यांनी स्पॅनरला हात लावायच्या आधी विचारलं, "दोन सिलिंडरच्या मधल्या पाइपातलं प्रेशर बघितलंस?"

दोन स्टेजमध्ये मोठा सिलिंडर हवा अर्धवट दाबतो, ती पंखांच्या (बाहेरून पातळ पाती असलेल्या) पाइपातून थंड होत छोट्या सिलिंडरमध्ये जाते आणि तिथून टाकीत. टाकीत ७ किलो असेल तर मधल्या पाइपात साधारण पावणेदोन ते दोन किलो हवं. त्यापेक्षा फार कमी दिसलं तर मोठ्या सिलिंडरचं दुखणं. फार जास्त दिसलं तर छोट्याचे व्हॉल्व्ह हवा परत फेकतायत.

त्या पाइपावरचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे गेज लावायला गेलो, तर व्हॉल्व्हच नव्हता. टेफ्लॉन गुंडाळलेला एक बोल्ट होता. दोन वर्षांपूर्वी तो व्हॉल्व्ह सारखा फुसफुसतो म्हणून आमच्याच माणसाने काढला होता. मला ते ठाऊक होतं आणि मी चालवून घेतलं. तो फुसफुसत होता म्हणजे छोट्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळतोय हेच सांगत होता. आम्ही सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं आणि मशीन दोन वर्षं तापत राहिलं. काका माझ्यावर चिडले. त्यांचं बरोबर होतं.

गेज लावला. टाकीत ७, मधल्या पाइपात साडेचार.

छोट्या सिलिंडरची व्हॉल्व्ह प्लेट काढली. पहिल्या मिस्त्रीने ती वरून रॉकेलने पुसून परत बसवली होती. काकांनी पत्तीवरची, म्हणजे हवेने उघडझाप होणाऱ्या पातळ पत्र्यावरची, रोधपट्टी दोन स्क्रू काढून उचलली, तेव्हा खरा प्रकार दिसला. टाकीकडे हवा सोडणारी पत्ती एका कोपऱ्यापासून चिरलेली, आणि तिच्या बैठकीवर डांबरासारखा काळा कडक थर. नखाने निघेना, पितळेच्या पट्टीने खरवडावा लागला.

तो थर कसला? आम्ही वर्षानुवर्षं गाडीचं सुटं इंजिन ऑइल टाकत आलो. कॉम्प्रेसरचं ऑइल वेगळं असतं. इंजिन ऑइल गरम व्हॉल्व्हवर जळून थर धरतं. लिटरमागे थोडे पैसे वाचवले, ते असे गेले.

पत्त्यांचा सेट २,२००, मजुरी ८००. प्लेट जाड काचेवर पेस्ट लावून आठाच्या आकड्यासारखी फिरवून सपाट केली. बोल्ट काढून नवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला, तो काकांनी स्वतःकडचा दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळची वेळ: ६ मिनिटं २० सेकंद. मिनिटाला २७६ लिटर. गळती वजा करून हातात येणारी हवा दहा दिवसांपूर्वीच्या दुप्पट झाली. पेंटर खूश. तेल मात्र अजून येतंच होतं.

२३ सप्टेंबर

काकांच्या दुकानात मोठा सिलिंडर बोअर गेजने मोजला. (मापाचे ६०० रुपये.) मूळ माप १०० मिलिमीटर. वरच्या टोकाला, जिथे रिंगा उलटतात तिथे, १००.३८. खाली १००.१०. म्हणजे सिलिंडर वर पसरट झालाय. मी बदललेली नवी रिंग वरच्या टोकाला धरली: दोन टोकांमध्ये दीड मिलिमीटरची फट. नव्या सिलिंडरमध्ये ही ०.३ ते ०.४ असते. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) जेवढा वाढतो त्याच्या तिपटीहून जरा जास्त रिंगेची फट वाढते, हे काकांनी तोंडी सांगितलं आणि मापाने तेच निघालं.

छोटा सिलिंडर ठीक आहे. क्रँकच्या पिनवर ०.०६ ची झीज. क्रँक रॉकेलमध्ये बुडवून काढला, कोरडा पुसला आणि वरून खडूची पूड फासली. चीर असती तर आतलं रॉकेल पुडीवर रेघेसारखं उमटलं असतं. दहा मिनिटं थांबलो, पूड पांढरीच राहिली. क्रँक चांगला.

सिलिंडर एवढा का झिजला? काकांनी पिस्टनच्या डोक्यावरून बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर राखाडी, खरखरीत पूड. पुट्टीची धूळ. आमचा कॉम्प्रेसर सँडिंग करायच्या जागेपासून चार फुटांवर आहे, आणि हवा ओढायच्या फिल्टरचा स्पंज कधीच फाटला होता. जी धूळ आम्ही सँडरने उडवत होतो तीच सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरसारखी फिरत होती.

२५ सप्टेंबर

दुरुस्तीचा अंदाज मिळाला. सिलिंडरला स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी) ३,८००. रिंगांसह पिस्टन ३,१००. क्रँक ग्राइंडिंग १,८००. बेअरिंग आणि बुश ३,४००. मजुरी ३,५००. बेरीज १५,६००. शिवाय एनआरव्ही (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह), प्रेशर स्विच, टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह, बेल्ट आणि मधला पंखांचा पाइप, हे सगळं पंधरा वर्षांचं झालंय, त्याचे ५,८००. एकूण २१,४००.

नव्या ५ एचपीचे भाव फोनवर घेतले: ५८,००० पासून ९२,००० पर्यंत. स्क्रू कॉम्प्रेसर दोन लाखांच्या वर, तो विषयच नाही.

एकवीस हजार म्हणजे नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम. ओतीव जुनं आणि जड, क्रँक शाबूत, मोटर शाबूत. मी दुरुस्तीचंच ठरवलं. बाबांनाही बरं वाटलं.

वीजही मोजली. आमचं दिवसाचं काम साधारण एक लाख लिटर हवेचं. १८१ लिटरने ती भरायला सव्वानऊ तास मोटर चालते, ३३ युनिट. ४२० लिटरने चार तास पुरेत, सोळा युनिटच्या आत. रोजचे १७ युनिट जास्तीचे. आमच्या बिलात सगळं धरून युनिट ९ रुपयांच्या आसपास पडतं. म्हणजे महिन्याला चार हजार रुपये नुसत्या झिजलेल्या मशीनपायी जात होते. वर्षभर हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बिल थोडं थोडं वाढत गेलं.

२८ सप्टेंबर: टाकी

काकांनी ब्लॉक (सिलिंडर-क्रँकचा भाग) कामाला घेण्याआधी एक अट घातली. "टाकी तपासून आण. टाकी चांगली नसेल तर मी हा ब्लॉक बनवणार नाही."

मला ते जादा वाटलं होतं. बाहेरून रंग चांगला होता, मीच मारलेला.

जाडी मोजणारा माणूस अल्ट्रासॉनिक गेज घेऊन आला. प्लेट मूळची ५ मिलिमीटर. वरच्या बाजूला ४.९. बाजूंना ४.८. तळाला ३.१. ड्रेन कॉकच्या भोवती २.६.

आडव्या टाकीत पाणी तळाला साठतं, म्हणून तळ आधी जातो. रोज संध्याकाळी पाणी काढलं तर हे टळतं. आमचा ड्रेन कॉक दोन वर्षं जाम होता, ११ तारखेनंतर पाना लावून सोडवला. पहिल्यांदा उघडला तेव्हा चहासारखं लाल पाणी अर्ध्या बादलीच्या वर निघालं होतं.

मग पाण्याची टेस्ट. हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण उद्यमनगरातसुद्धा काही जण हवेनेच टाकी "टेस्ट" करतात. तसं कधीही करू नका. हवा दाबली की स्प्रिंगसारखी जोर साठवून ठेवते. टाकी फाटली तर २५० लिटरचा सगळा जोर एका क्षणात बाहेर पडतो आणि पत्रा माणसाला कापतो. पाणी दाबलं जात नाही, म्हणून टाकी फाटली तरी नुसती ओघळ लागते.

टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरली, वरच्या तोंडातून शेवटचा बुडबुडा जाऊ दिला, हातपंप जोडला. टाकीच्या प्लेटवर १२ किलो लिहिलंय, त्याच्या दीडपट म्हणजे १८ पर्यंत न्यायचं. मी टॉर्च घेऊन खाली पाठीवर झोपलो. माणूस पंप मारत आकडे सांगत होता. आठ. दहा. बारा. काही नाही. चौदा म्हणाला आणि ड्रेनच्या सॉकेटच्या वेल्डिंगकडेला रंगाखालून एक थेंब फुगून आला. टाचणीच्या डोक्याएवढा. बोटाने पुसला. पुन्हा आला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

मी पंप थांबवायला सांगितला.

याच टाकीला टेकून आमची पोरं दुपारी डबा खातात. तिथे पत्र्याची सावली असते म्हणून. आजपासून ती टाकी बंद. जाडी आणि टेस्टचे मिळून २,७०० गेले, पण या सगळ्या कामात सगळ्यात योग्य जागी गेलेले पैसे हेच.

एका फॅब्रिकेशनवाल्याने तिथेच सांगितलं, "आठशे रुपये द्या, पट्टी मारून देतो, काय होत नाही." मी नाही म्हणालो. पट्टीची वेल्डिंग टिकेलही, पण पट्टीच्या कडेचा पत्रा तोच सडलेला असतो, त्यात तो वेल्डिंगने तापतो. पुढची चीर तिथून सुरू होते. पत्र्याचा ड्रम आणि प्रेशरची टाकी यांत फरक आहे. तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ मध्ये प्रेशरच्या साधनांसाठी वेगळं कलम होतं, ३१ नंबरचं. आमचं दुकान छोटं आहे, पण टाकीला दुकानाचा आकार कळत नाही.

संध्याकाळपासून भाड्याचा कॉम्प्रेसर, रोजचे ७००.

३० सप्टेंबर

आकडे पुन्हा मांडले. दुरुस्ती २१,४०० अधिक नवी टाकी १८,५०० अधिक दहा दिवसांचं भाडं ७,०००. एकूण ४६,९००. समोर नवं मशीन साधारण ६०,००० ला. आता दुरुस्ती नव्याच्या पाऊण किमतीला गेली. शिवाय या पिस्टनचा मोठा साइज आता मिळत नाही, म्हणून स्लीव्ह. पुढच्या वेळी पत्ती किंवा रॉड लागला तर पुन्हा शोधाशोध.

बाबा संध्याकाळी आले. ते अजून दुरुस्तीच्या बाजूचे होते. "आम्ही इंजिनं बोअर करून वीस-वीस वर्षं चालवलेली माणसं. लोखंड फेकायचं नसतं." मी वाद घातला नाही. टॉर्च दिली आणि ती जागा दाखवली. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, तरी खाली बसले. वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. रंगाचा पापुद्रा अंगठ्याला चिकटून आला, खाली काळपट खड्डा.

"ही नको," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "ब्लॉक ठेव मात्र."

नवं घ्यायचं ठरलं.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. दुकानं सजलेली, भाव उतरलेले. पहिल्या ठिकाणी ५ एचपी, "२० सीएफएम", ५४,००० ला. स्वस्त वाटलं. मी विचारलं, हे २० पिस्टन डिस्प्लेसमेंट की प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा? विक्रेता म्हणाला, तेच ते. तेच ते नसतं. डिस्प्लेसमेंट म्हणजे पिस्टन जेवढी जागा व्यापतो तेवढी. बाहेर येणारी हवा त्याहून बरीच कमी असते. आमच्या जुन्या मशीनचं डिस्प्लेसमेंटही २० होतं आणि नवीन असताना ते १५ द्यायचं. बिलावर एफएडी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा, किती ते लिहून मागा.

चालू करून दाखवा म्हणालो. टाकीची प्लेट वाचली, "२५०" म्हणून दाखवलेली टाकी २२० लिटरची निघाली. ० ते ७ ला ५ मिनिटं ५ सेकंद. १,५४० भागिले ५.०८, म्हणजे मिनिटाला ३०३ लिटर. हे घेऊन मी आठ हजार वाचवले असते आणि दिवाळीत पुन्हा हवा कमी पडली असती. नमस्कार करून निघालो.

५ ऑक्टोबर

दुसऱ्या ठिकाणी विक्रेत्याने स्वतःहून स्टॉपवॉच काढलं. २५० लिटर, बरोबर ४ मिनिटं. ४३७ लिटर. टाकीवर ठोकलेला नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा नंबर जुळवून बघितला. पत्त्या आणि रिंगांचे सेट कपाटात होते, ते काढून दाखवायला लावले. ६६,००० वरून ६२,००० ला ठरलं, जीएसटी धरून. एफएडी बिलावर लिहून घेतलं.

घासाघीस आणि नकार यांत पाच दिवस गेले, भाडं चालूच होतं.

८ ऑक्टोबर

बसवला. या वेळी सँडिंगच्या जागेत नाही, मागच्या बोळात पत्र्याखाली. भिंतीपासून दीड फूट लांब, कारण पुलीचा पंखाच सिलिंडर थंड ठेवतो, त्याला हवा ओढायला जागा लागते. खाली रबरी पॅड. मेन पाइपला टाकीकडून पुढे थोडा उतार, शेवटी पाणी काढायचा कॉक. टूलसाठीच्या फांद्या पाइपाच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवल्या, म्हणजे तळाचं पाणी गनमध्ये येत नाही. नवा ट्रॅप. सगळं मिळून ३,८५०.

एक चूक इथेही झाली. चालू केला, प्रेशर छान बनलं, आम्ही आत गेलो. वीस मिनिटांनी काका आले आणि म्हणाले, "उलटा फिरतोय." पुलीवर बाण होता, आम्ही बघितलाच नाही. उलटा फिरला तरी हवा बनते, पण पंख्याचा वारा सिलिंडरकडे जायच्या ऐवजी भिंतीकडे जातो. हेड हात लावू देत नव्हतं. दोन फेज अदलाबदल केल्या, बाणाप्रमाणे फिरू लागला. थंड झाल्यावर पत्त्या खोलून बघितल्या, सुदैवाने ठीक होत्या.

भाड्याचा कॉम्प्रेसर परत. नऊ दिवसांचे ६,३००.

१२ ऑक्टोबर

दसरा. हत्यारांची, मशीनची पूजा. नव्या कॉम्प्रेसरला हार, आणि कोपऱ्यात फळीवर ठेवलेल्या जुन्या ब्लॉकलाही बाबांनी हळदकुंकू वाहिलं. मग ब्रश मागितला. बोळातल्या भिंतीवर लिहिलं: "० ते ७ : ४ मि. ० से. १२/१०/२४". हात थरथरतो, त्यामुळे सेकंदाचं शून्य जरा वाकडं आलंय.

जुनी टाकी भंगारात देण्याआधी मी तिचे दोन तुकडे करायला लावले. अख्खी दिली असती तर कुणीतरी रंग मारून पुन्हा कॉम्प्रेसरखाली लावली असती. कापण्याआधी सगळी तोंडं उघडून, सोड्याच्या गरम पाण्याने आतून धुऊन घेतली, कारण आत तेलाचा थर होता. ९० किलो, ३० च्या भावाने २,७००.

२३ नोव्हेंबर

पहिलं ऑइल बदललं. कॉम्प्रेसरचंच ऑइल, व्हीजी १००. निघालेलं ऑइल चांदीसारखं चमकत होतं, नव्या मशीनचं पहिलं ऑइल तसंच येतं. फिल्टरचा स्पंज दर शनिवारी झटकायचा, ड्रेन रोज संध्याकाळी उघडायचा, दोन्ही कामांना माणूस नेमून दिलाय आणि भिंतीवर तक्ता लावलाय. काल तपासला तर दोन दिवसांच्या सह्या नव्हत्या. बोललो.

वेळ: ४ मिनिटं ५ सेकंद. कागदावर हवा मारून बघितली, कागद कोरडा.

विजेचं बिल ऑगस्टपेक्षा ३९० युनिट कमी आलं. त्यात दिवाळीची सुट्टी आहे, त्यामुळे खरा आकडा डिसेंबरच्या बिलावर लिहीन.

एकूण खर्च: रंगाचं नुकसान ४,२००, रिंगांचं काम ५,०००, पत्त्या आणि मजुरी ३,०००, गळती ६४०, बोअरचं माप ६००, टाकीची तपासणी २,७००, भाडं ६,३००, नवं मशीन ६२,०००, बसवणं ३,८५०. बेरीज ८८,२९०, भंगाराचे २,७०० वजा केले की ८५,५९०. यातले रिंगांचे पाच हजार पूर्ण वाया. पत्त्यांनी आठच दिवस काम दिलं, पण त्या जुन्या ब्लॉकमध्येच आहेत.

जुनी मोटर तेल-ग्रीस करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, ती नव्याला जशीच्या तशी बसते. ब्लॉकचं अजून ठरलेलं नाही. बाबा दर रविवारी काकांकडे स्लीव्हची चौकशी करून येतात.